‘ओटीपी’हून परत आल्यावर इंदूरमध्ये मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन वर्षं पापुआ न्यू गिनीत काढून मी इंदूरला आलो, त्याला आता तीन महिने होतील. लाल चर्चमध्ये रविवारची मिस्सा (कॅथलिकांची उपासना) सुटली की बाहेर, रामबागेतल्या लग्नात पंगतीत, छप्पन दुकानवर शाळेतला कुणी भेटला की तिथं, तेच ते प्रश्न. माझ्या असं लक्षात आलं की मी प्रत्येकाला जरा वेगळं सांगतो. आजीला काळजी वाटू नये म्हणून एक, सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरूंच्या शिक्षणाला, जाऊ पाहणाऱ्या पोरांवर छाप पडावी म्हणून दुसरं. दोन्ही बरं नाही. म्हणून एकदाच लिहून काढतोय. प्रश्न ज्या क्रमानं लोक विचारतात, त्याच क्रमानं घेतलेत.

ओटीपी म्हणजे? मोबाइलवर येतो तो?

तो नव्हे. हा विनोद माझ्या तिन्ही काकांनी वेगवेगळ्या दिवशी केला आणि तिन्ही वेळा मी हसलो.

मी ज्या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघात आहे त्याचं नाव डिव्हाइन वर्ड मिशनरीज, म्हणजेच एसव्हीडी. आर्नोल्ड यान्सेन या जर्मन धर्मगुरूंनी तो १८७५ साली सुरू केला, पण जर्मनीत नाही. तिथं तेव्हा चर्चवर सरकारची वक्रदृष्टी होती, म्हणून सीमेपलीकडे नेदरलँड्समधल्या स्टाइल गावी. पहिले दोघे १८७९ मध्ये चीनला गेले. भारतात संघाची माणसं पहिल्यांदा आली ती १९३२ मध्ये, आणि आली ती इंदूरच्याच मिशनमध्ये. म्हणजे ज्या शहरात मला कुणी ‘एवढ्या लांब कशाला गेलास’ असं विचारतं, तेच शहर एके काळी कुणाच्या तरी आईच्या दृष्टीनं जगाच्या टोकाला होतं.

ओटीपी म्हणजे ओव्हरसीज ट्रेनिंग प्रोग्राम. धर्मगुरू होण्याआधी, शिक्षणाच्या मध्यावर, तरुण ब्रदरला दोन-तीन वर्षं परक्या देशात पाठवतात. मी पुण्यात नगर रोडला तत्त्वज्ञान संपवलं, थिऑलॉजीचं एक वर्ष केलं आणि निघालो. मी अजून फादर नाही, ब्रदर आहे. मला मिस्सा करता येत नाही, कुणाचं पापनिवेदन ऐकता येत नाही. तिकडं जाऊन मी काय केलं हे समजायचं तर एवढं ध्यानात ठेवा.

आफ्रिकेतच ना ते?

नाही. ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावर न्यू गिनी नावाचं प्रचंड बेट आहे. त्याचा पश्चिमेचा अर्धा भाग इंडोनेशियाकडे, पूर्वेचा अर्धा आणि आजूबाजूची बेटं मिळून पापुआ न्यू गिनी. हा देश १६ सप्टेंबर १९७५ रोजी स्वतंत्र झाला. भाषा आठशेहून अधिक. आठशे बोली नव्हेत, भाषा. आपल्याकडं बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. तिथं नदीचं वळण ओलांडलं की बदलते.

मी होतो ते सेपिक नदीच्या काठी. नदी अकराशे किलोमीटरहून लांब. इंदूर-दिल्ली-सिंगापूर-पोर्ट मोर्सबी, तिथून छोट्या विमानानं वेवाक. वेवाकहून मालट्रकच्या फळीवर बसून पाग्वीपर्यंत दिवसभर आणि पुढं एका झाडाच्या खोडातून कोरलेल्या लांबलचक होडीत. होडीला मागं इंजिन असतं, पुढं एक पोरगा वाहत येणाऱ्या ओंडक्यांवर नजर ठेवून बसतो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं मला घरचा समजून वागली. त्यांच्या घरातलं सगळं मी इथं चव्हाट्यावर आणावं असं मला वाटत नाही.

तिकडं लोकांना बाटवायला गेला होतास का?

हा प्रश्न लग्नात एका गृहस्थांनी श्रीखंड वाढून घेता घेता विचारला. रागानं नाही, सहज. मध्य प्रदेशात ‘मिशनरी’ हा शब्द उच्चारला की हवा जरा जड होते हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, त्यामुळं मीही रागावलो नाही.

तर उत्तर असं. पापुआ न्यू गिनीत ९५ टक्क्यांहून अधिक लोक आधीच स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात. आमच्या संघाचे लोक तिथं १८९६ पासून आहेत. तिथल्या माझ्या गावातल्या उपदेशकाच्या, म्हणजे फादर नसताना प्रार्थना चालवणाऱ्या गावकऱ्याच्या, आजोबांचाही बाप्तिस्मा झालेला होता. माझे पणजोबा राहुरीकडचे, आजोबा तिथून मिलच्या नोकरीसाठी इंदूरला आले. हिशोब केला तर ख्रिस्ती म्हणून ते घराणं आणि आमचं घराणं जवळपास एकाच वयाचं निघेल. मग मी बाटवणार कुणाला?

मला तिथं पाठवलं होतं ते मला काही व्हावं म्हणून. त्यांना नव्हे. हे समजायला मला स्वतःलाच सात-आठ महिने लागले, तेव्हा त्या श्रीखंडवाल्या काकांना एका वाटीत समजेल अशी अपेक्षा नाही.

मग दिवसभर करायचास काय?

पहाटे पाचला घंटा. घंटा म्हणजे झाडाला टांगलेलं गॅसचं रिकामं सिलिंडर. त्यावर लोखंडाच्या तुकड्यानं ठोकायचं. पहिल्या आठवड्यात ठोकण्याचं काम माझ्याकडं आलं आणि मी एकदा चुकून साडेतीनला ठोकलं. निम्मं गाव आग लागली म्हणून बादल्या घेऊन आलं. कुणी काही बोललं नाही. फक्त पुढचे दोन महिने मला बघितलं की पोरं हवेत ‘टण टण’ असा हात करायची.

साडेपाचला सकाळची प्रार्थना. माझ्याबरोबर एक म्हातारे फादर होते, पोलंडचे, तीस वर्षं तिथंच. ते महिन्यातले निम्मे दिवस नदीवरच्या इतर गावांना गेलेले असायचे. अशा दौऱ्याला तिकडं ‘पॅट्रोल’ म्हणतात, पोलिसांसारखं. ते असले की मिस्सा व्हायची, नसले की नाही. तेव्हा उपदेशक शुभवर्तमान वाचायचा, दोन शब्द बोलायचा, लोक गाणी म्हणायचे आणि आपापल्या मळ्यात जायचे.

हा उपदेशक म्हणजे साठीचा माणूस. त्याच्या दोन्ही खांद्यांवर आणि पाठभर उंचवटे होते, मगरीच्या पाठीवर असतात तसे. सेपिकच्या मधल्या पट्ट्यात मुलगा पुरुष झाला की त्याची कातडी चिरून असे व्रण उठवायची रीत आहे. मगर त्यांची पूर्वज. रविवारी तो उघड्या अंगानंच वेदीशी उभा राहून वाचायचा, कारण त्याच्याकडचा एकुलता शर्ट वाळत असायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं लक्ष वाचनावरून पूर्ण उडालं. नंतर मला उलट वाटू लागलं की इस्त्रीचा शर्ट घालून वाचणाऱ्यांचं वाचन जरा पोकळच असतं. हेही चूकच, पण तेव्हा वाटलं खरं.

सातनंतर न्याहारी, मग शाळेत धर्मशिक्षणाचे दोन तास. तिथं वर्गात साठ पोरं आणि खडू मोजून मिळालेले. दुपारी मळा. मला मळ्यातलं काही येत नव्हतं. इंदूरच्या सुदामानगरात वाढलेल्या पोराला कुंडीतली तुळस आणि पुदिना एवढीच शेती. रताळ्याची वेल कशी लावायची हे मला आठ वर्षांच्या एका पोरीनं शिकवलं. मी लावलेल्या वेली ती माझ्या पाठीमागं उपटून नीट लावायची हे मला फार उशिरा कळलं.

संध्याकाळी खेळ. क्रिकेटला तिथं कुणी विचारत नाही, वेड आहे ते रग्बी लीगचं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्सची ‘स्टेट ऑफ ओरिजिन’ मॅच असली की गावात सरळ दोन तट पडतात, मरून आणि निळा. त्या रात्री सायंप्रार्थना आम्ही तासभर आधी उरकायचो. फादरनी एकदा नेहमीच्या वेळेला ठेवून पाहिली होती म्हणे. ते, उपदेशकाची बायको आणि एक कुत्रं एवढेच आले.

साडेसहाला अंधार. सौर पॅनेलवर दोन दिवे तीन तास चालायचे. नऊला झोप.

हे वाचून ‘यात मिशन कुठं आहे’ असं वाटलं असेल. मलाही वाटायचं.

खायला काय मिळायचं?

रताळी, केळी, मासे. दुकानात तांदूळ आणि डब्यातली मासळी, पण तिथं पोचायला होडीचं पेट्रोल जाळावं लागतं. आणि मुख्य म्हणजे सकसाक.

सकसाक म्हणजे साबुदाणा. खरा साबुदाणा! आपण सराफ्यात रात्री अकराला वरून लिंबू पिळून जी खिचडी खातो, तो दाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो. मूळचा सागो निघतो सागोच्या झाडाच्या खोडातून. झाड पाडतात, खोड लांबीत फोडतात, आतला गर ठोकून ठोकून भुसा करतात. मग बायका नारळाच्या जाळीतून तो भुसा पाण्यानं धुतात, पिळतात. दुधाळ पाणी खाली जमतं, पीठ तळाशी बसतं. एका झाडात एका कुटुंबाचं कित्येक आठवड्यांचं पीठ. त्यावर उकळतं पाणी ओतून काडीनं फिरवलं की चिकट, पारदर्शक, गुलाबीसर गोळा तयार होतो. मीठ नाही, मिरची नाही, काही नाही.

पहिल्या घासाला मला शाळेतली डिंकाची बाटली आठवली. तिसऱ्या महिन्यात खाऊ लागलो. वर्षानं एकदा दोन आठवडे वेवाकला होतो तेव्हा भात खाऊन कंटाळलो आणि सकसाक हवा असं वाटलं, तेव्हा मात्र स्वतःचीच भीती वाटली.

आणि चहा?

मिळायचा. देशाच्या डोंगराळ भागात चहाचे मळे आहेत. दूध पावडरीचं. आलं तिथं भरपूर उगवतं. माझा आलेवाला चहा गावात इतका चालला की फादर म्हणाले, तुझं खरं मिशन कार्य हेच.

भाषेचं कसं केलंस?

इथं जरा थांबतो, कारण बाकी सगळं विसरलो तरी हे विसरायचं नाही.

आठशे भाषांच्या देशात सगळ्यांना जोडते ती टोक पिसिन. शब्द बहुतेक इंग्रजीतून आलेले, पण व्याकरण आणि मन तिथलं. केस म्हणजे ‘डोक्याचं गवत’. दवाखाना म्हणजे ‘हाउस सिक’. एकाच भाषेची माणसं ती एकमेकांची ‘वनटॉक’, आणि वनटॉकला नाही म्हणता येत नाही. घर, पैसा, भांडण सगळ्यात तो आपला. इंदुरात मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला अनोळखी माणूस ‘तुम्ही कुठले?’ विचारून दोन मिनिटांत तुमच्या आत्याचा दीर निघतो, त्याचाच हा थोरला भाऊ. ‘वनटॉक’ याच नावाचं टोक पिसिनमधलं वर्तमानपत्रही आहे. ते १९७० साली आमच्याच संघाच्या फादर मिहालिक यांनी वेवाकमध्ये सुरू केलं. त्यांनी या भाषेचा शब्दकोशही केला. लोक जिला मोडकंतोडकं इंग्रजी म्हणून हसायचे, तिला त्यांनी व्याकरण असलेली भाषा म्हणून वागवलं.

आता माझा पराक्रम. दुसऱ्या महिन्यात पोट बिघडलं. चर्चच्या अंगणात बायका झाडत होत्या, त्यांना सांगायला गेलो. पोट म्हणजे ‘बेल’. मी आत्मविश्वासानं म्हणालो, ‘मी गट बेल.’ झाडू थांबले. एक बाई खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ‘गट बेल’ म्हणजे दिवस जाणं. ब्रदरला दिवस गेलेत ही बातमी संध्याकाळपर्यंत नदीच्या पलीकडच्या काठावर पोचली होती.

पण त्या फजितीमुळं मी ‘बेल’ या शब्दाच्या मागं लागलो. आणि मग दिसलं की त्यांचं सगळं मन पोटात राहतं. राग आला की ‘बेल हट’, पोट तापतं. दुःख झालं की ‘बेल हेवी’. शांती म्हणजे ‘बेल इसी’. आणि पश्चात्ताप, आयुष्याचं तोंड देवाकडं वळणं, ज्याला आम्ही सेमिनरीत मोठमोठे ग्रीक शब्द वापरून पानं भरली, त्याला ते म्हणतात ‘तानिम बेल’. पोट वळवणं.

त्या रात्री मच्छरदाणीत पडून मी मराठी आठवू लागलो. पोटात माया असते. पोटात गोळा येतो. एक पोटात, एक ओठात. बोलावं तर पोटतिडकीनं. शेजाऱ्याचं बरं झालं की पोटात दुखतं. आणि आजी रात्री जपमाळ संपली की भिंतीवरच्या क्रुसाकडं पाहून म्हणायची, ‘लेकराचे अपराध पोटात घाल.’ पंचवीस वर्षं मी हे वाक्य ऐकत आलो होतो. क्षमेवर इंग्रजीत चाळीस पानांचा निबंध लिहून चांगले मार्क मिळवले होते. पण क्षमा म्हणजे दुसऱ्याचा अपराध गिळून स्वतःच्या आत ठेवून घेणं, आई पोराला ठेवते तिथं, हे आजीच्या वाक्यात सबंध होतं आणि मला ऐकू यायला सेपिक नदीपर्यंत जावं लागलं.

म्हणजे आध्यात्मिक वाढ झाली म्हणायची?

हा प्रश्न सेमिनरीतले वरिष्ठ विचारतात आणि थोड्या वेगळ्या शब्दांत माझी आईही. आई म्हणते, ‘देव जवळ आला का रे?’

पहिले सहा महिने लांब गेला. इथं प्रार्थनेला वेळ ठरलेली, चॅपेल, गाण्याची वही, शेजारी वीसजण. तिथं मिस्सा कधी असायची, कधी नसायची. आध्यात्मिक मार्गदर्शक वेवाकला, म्हणजे दीड दिवसावर. सकाळी प्रार्थनेचं पुस्तक उघडायचो आणि डोळे ओळींवरून सरकायचे, जसे टीव्हीखालच्या बातम्यांच्या पट्टीवरून सरकतात. मी देवाशी बोलत होतो इंग्रजीत, कारण प्रशिक्षण इंग्रजीत. लोकांशी टोक पिसिनमध्ये. मराठी फक्त रविवारी फोनवर, आणि तीही ‘जेवलास का’ एवढीच.

‘बेल’च्या त्या रात्रीनंतर मी इंग्रजी पुस्तक बाजूला ठेवलं असं नाही, ते संघाच्या नियमात आहे आणि मी नियम पाळणारा माणूस आहे. पण त्यानंतरची दहा मिनिटं मराठीत बसू लागलो. सुरुवातीला हास्यास्पद वाटायचं. मराठीत मला देवाशी बोलायची भाषाच नव्हती, आईशी बोलायची होती. मग आईशी बोलतो तसाच बोलू लागलो. कुरकुर, तक्रार, आज डास फार, त्या फादरांचा मला राग येतो. नारायण वामन टिळकांची लहानपणी पाठ केलेली भजनं आठवू लागली. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी ख्रिस्ताला ओव्या-अभंगांच्या चालीत बसवलं; आमच्या घरी ती गाणी पेटीवर म्हटली जायची आणि मला वयात आल्यावर त्यांची लाज वाटू लागली होती. गिटार हवी असायची.

गंमत अशी की याच्या उलट्या दिशेनं एक जण आधीच चालून गेला होता. फादर थॉमस स्टीफन्स, इंग्लंडचा तरुण, १५७९ मध्ये गोव्यात उतरला, मराठी शिकला आणि त्यानं जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण लिहिलं. छापलं गेलं १६१६ मध्ये. शाळेत हे नाव मार्कांसाठी पाठ केलं होतं. परक्या भाषेत स्वतःचं पोट बिघडल्याचंही सांगता येत नाही हे अनुभवल्यावर त्या माणसापुढं खरोखर हात जोडावेसे वाटतात. त्याचीही कधी तरी कुणा सासष्टीकर बायकांसमोर फजिती झालीच असणार.

तर वाढ झाली का? माझ्या मूल्यमापनाच्या कागदावर ‘प्रार्थनाजीवन’ या रकान्यात फादरांनी लिहिलं, ‘समाधानकारक’. आईला मी सांगितलं, देव जवळ आला की नाही माहीत नाही, पण आता तो मराठी बोलतो.

एकटं वाटलं का रे? फोन मिळायचा का?

चौथा महिना वाईट गेला. नाताळ होता. गावात गाणी, नाच, डुक्कर भाजलेलं, सगळे मला ओढून नेत होते, आणि मी शौचालयात जातो सांगून खोलीत बसून रडलो. नाताळला आमच्याकडं करंज्या असतात, एवढंच कारण.

फोनला रेंज एकाच जागी, शाळेमागच्या टेकाडावर, तीही ढग नसले तर. वेळेचा फरक साडेचार तास. त्यांचे रात्रीचे आठ म्हणजे आपले दुपारचे साडेतीन, म्हणजे आईची डुलकी. एकदा मोबाइल होडीतून नदीत पडला आणि पाच आठवडे संपर्क नाही. तेव्हा मी उद्धट शांततेनं म्हणालो की ही देवाची योजना. घरी आजीनं पाच आठवडे धड जेवण घेतलं नव्हतं हे नंतर कळलं. मुलांनो, देवाच्या योजना जाहीर करायच्या आधी घरी निरोप धाडा.

आजारी पडलास?

मलेरिया दोनदा. बोटाला टोचून किटवर तपासणी, तीन दिवस गोळ्या. गोळ्यांपेक्षा लक्षात राहिलं ते असं की दोन्ही वेळा खोलीत सतत कुणीतरी बसलेलं असायचं. बोलायचे नाहीत, औषध विचारायचे नाहीत. फक्त बसायचे, पाळीपाळीनं. मला आधी अडचण वाटली. आजारी माणसाला एकटं ठेवणं त्यांना क्रूर वाटतं.

तिकडं जादूटोणा चालतो म्हणे?

हसत विचारतात, म्हणून गंभीरपणे सांगतो. ‘सांगुमा’ म्हणजे करणी, यावर तिथं फार लोकांचा विश्वास आहे. कुणी अवेळी मेलं की ‘कुणी केलं?’ हा प्रश्न उठतो आणि बोट बहुतेकदा एखाद्या बाईकडं जातं, ज्या बाईच्या मागं कुणी नाही अशीकडं. मारझोड होते, जीवही जातात. करणीला मान्यता देणारा जुना १९७१ चा कायदा तिथं २०१३ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला तो त्याच वर्षी. आपल्या माळव्या-निमाडच्या खेड्यांत डाकीण म्हणून बायकांना मारल्याच्या बातम्या वाचल्यात ना? मग हसू नका.

आमच्या गावात एक तरुण मुलगा ताप येऊन गेला तेव्हा अशी कुजबुज सुरू झाली. मी घाबरलो होतो, प्रामाणिकपणे. उपदेशक उठला आणि ज्या म्हातारीचं नाव घेतलं जात होतं तिच्या घरासमोर जाऊन बसला. उपदेश नाही, भाषण नाही. चटई टाकून तीन रात्री तिथंच झोपला, मगरीची पाठ रस्त्याकडं करून. कुजबुज विरली.

पापुआ न्यू गिनीचे पहिले संत पीटर टो रॉट, ज्यांना ऑक्टोबर २०२५ मध्ये संतपद जाहीर झालं, तेही फादर नव्हते. लग्न झालेले, पोरंबाळं असलेले उपदेशक. जपानी सैन्यानं मिशनरींना कोंडलं तेव्हा त्यांनी गावाची प्रार्थना चालू ठेवली, आणि १९४५ मध्ये कैदेत त्यांना मारलं गेलं. हे मी पुस्तकात वाचलं होतं. चटईवर पडलेला माणूस पाहिल्यावर पटलं.

पगार किती?

शून्य. जेवण, औषध, प्रवास संघाचा. महिन्याला थोडा हातखर्च. त्यातून साबण, रिचार्ज आणि पोरांना बिस्किटं.

लग्नाचं काय ठरवलंस?

मावशी, हे दर वर्षी सांगतो. दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन अशी तीन व्रतं आहेत. त्यातलं सगळ्यांना मधलंच अवघड वाटतं. मला तिसरं जातं.

मुलींना असं जाता येतं का?

येतं. यान्सेन यांनीच १८८९ मध्ये स्टाइलला सिस्टरांचा संघ सुरू केला, त्या सिस्टर्स पापुआ न्यू गिनीतही आहेत आणि इंदूरलाही. वेवाकमध्ये मला पहिलं इंजेक्शन दिलं ते त्यांच्यातल्याच एका सिस्टरनं, आणि दिलं ते ‘रडतोस काय, नर्सरीतला आहेस का’ म्हणत.

परत आल्यावर सगळ्यात विचित्र काय वाटलं?

आवाज. राजवाड्याजवळ रिक्षात बसलो आणि कान दुखले. दुसरं म्हणजे पान. तिकडं सगळे सुपारी खातात, चुन्याबरोबर, पण विड्याचं पान नाही; त्याच वेलीचा लांब हिरवा तुरा चुन्याच्या डबीत बुडवून चावतात. तोंड तसंच लाल, रस्त्यावर पिचकारी तशीच. इंदूरला मी उतरलो आणि देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून लागलेल्या फलकाखाली एका भियाला थुंकताना पाहिलं. एकदम घरी आल्यासारखं वाटलं. दोन्ही घरी.

आमचा मुलगा पुढच्या वर्षी ओटीपीला जातोय. बरोबर काय देऊ?

लोणचं नको, विमानतळावर काढून घेतात आणि मग पोरगा आठवडाभर त्याच दुःखात असतो. चामड्याचे बूट नकोत, पंधरा दिवसांत बुरशी येते. लवकर वाळणारे दोन शर्ट, चांगली विजेरी, रबरी चपला दोन जोड, प्लास्टिकची झाकणं घट्ट बसणारे डबे. मोबाइलला गळ्यात अडकवायची दोरी. जपमाळ तर तो नेईलच. घरातली जुनी, आजीची असेल तर ती द्या, नवी नको.

आणि इंदुरी शेव द्या, बंद पाकिटातली, लवंगवाली. मी अर्धा किलो नेली होती आणि तीन महिने पुरवायचं ठरवलं होतं. पहिल्या संध्याकाळी एक चिमूट उपदेशकाला चाखायला दिली. तो डोळे मिटून बराच वेळ चावत राहिला, मग त्यानं बायकोला हाक मारली, बायकोनं बहिणीला. पाकीट परत आलं तेव्हा तळाशी फक्त पिवळी भुकटी होती, आणि ती आठ वर्षांची रताळीवाली पोर बोट ओलं करून तीही चाटत होती. दोन पाकिटं द्या.